तीन नंबरचं बहिरं बटण

१

मामाला दोन डब्यांच्या मधून बाहेर काढलं तेव्हा त्याचा एक हातमोजा कपलिंगच्या दांड्यावर तसाच राहिला होता. गाडी पुढे सरकली होती ती जेमतेम डबाभर. अर्धवट जोडलेले मागचे डबे तिच्यामागे ओढले गेले आणि मामा चाकांत आला.

मामा म्हणजे जोडारी. उभ्या असलेल्या अर्ध्या गाडीला मागून येणारी अर्धी गाडी जोडायची, हवेचे पाइप बसवायचे आणि बाहेर येऊन अंगठा दाखवायचा, हे त्याचं काम. अख्खं स्टेशन त्याला मामा म्हणायचं. सख्खा मामा मात्र तो एकीचाच होता. आणि त्या सकाळी तीन नंबरच्या फलाटावर ड्युटीला नेमकी तीच होती. ‘गाडी तयार आहे’ असं सांगणारं फलाटाच्या टोकाचं बटण तिच्याच ताब्यात होतं.

भाचीनं कुणी विचारायची वाट बघितली नाही. साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, “मामा खाली होता आणि मी बटण दाबलं. मीच मारलं त्याला.”

झालं! चौकशी संपली. मेलेला माणूस बोलत नाही, जिवंत माणसानं कबुली दिली, यापेक्षा सोयीचा अपघात कुठल्या साहेबाच्या नशिबी येतो? दुपारी वरून चौकशीची माणसं यायची होती. त्यांना नीट समजेल असं काहीतरी दाखवायचं म्हणून साहेब जिना चढून सिम्युलेटरच्या खोलीत आले.

ही खोली मास्तरीणबाईंची. भिंतभर पडदा, त्यावर स्टेशनचे रूळ रेघांसारखे आखलेले, रेघांवरून सरकणाऱ्या खोट्या गाड्या. स्टेशनातल्या गाड्या आणि सिग्नल सांभाळायच्या खऱ्या पॅनलवर बसायला निघालेला प्रत्येक जण आधी इथं बाईंच्या शिव्या खाऊन जायचा. बाईंचं वय झालं होतं, आवाजाचं नव्हतं.

“बाई, परवाची सकाळ जशीच्या तशी पडद्यावर चालवायची,” साहेब म्हणाले. “तिनं बटण दाबलं, जावईबापूंनी मार्ग लावला, गाडी सुटली. एवढंच.”

जावईबापू म्हणजे यंत्र. कुठल्या गाडीला कुठला मार्ग लावायचा आणि सिग्नल कधी हिरवा करायचा, हे हल्ली तेच आपोआप ठरवतं. सगळी तयारी झाल्याशिवाय ते जागचं हलत नाही आणि एकदा हललं की कुणाला जुमानत नाही, म्हणून ते नाव. फलाटावरच्या गाडीसाठी त्याच्या अटी दोनच. सुटायची वेळ झालेली असावी आणि फलाटावरून ‘तयार’ आलेलं असावं.

“पोरीचं काय होणार?” बाईंनी विचारलं.

“नोकरी तर गेलीच. पोलिसांतही द्यावी लागेल. स्वतःच्या तोंडानं बोललीय ना!” साहेबांनी खुर्ची ओढली. “तुमच्या इथल्या गाड्या काय झकास वेळेवर सुटतात हो बाई. मागे पाहुणे आणले होते तेव्हाच बघून ठेवलंय मी. चालवा.”

बाईंनी परवाची सकाळ भरली. अर्धी गाडी तीनवर उभी, मागून दुसरी अर्धी आली. दोन्ही मिळून एक गाडी झाली म्हणून तिला नवा नंबर दिला. साहेबांनी कुणाला तरी सांगून चहा मागवला होता. बाईंच्या एका हातात कप, दुसऱ्या हातात पडद्यावर दाखवायची काठी. सुटायची वेळ झाली. रेघ उजळली, सिग्नल हिरवा झाला आणि गाडी निघाली.

“वा! दुपारी असंच दाखवा,” म्हणून साहेब खूश होऊन उतरून गेले.

बाई कप खाली ठेवायला वळल्या आणि तशाच थांबल्या. कप एका हातात, काठी दुसऱ्या हातात. मग ‘तयार’चं बटण कुणी दाबलं?

कुणीच दाबलं नव्हतं.

२

बाई खाली बसल्या.

या खोलीत शिकवणारी एकटी बाई आणि पडद्यावर फलाट ढीगभर. शिकणारा पोरगा पॅनलवर बसलेला असताना प्रत्येक फलाटावरची माणसं बनून बटणं दाबायला बाईंना दहा हात कुठून येणार? म्हणून कधीकाळी त्यांनीच एक सोय करून घेतली होती. सुटायची वेळ झाली की गाडी स्वतःच स्वतःला तयार समजते. कुणी बटण दाबायची गरजच उरत नाही. ती सोय कायम चालूच असायची, इतकी की ती आहे हेच बाई विसरून गेल्या होत्या. डोळ्यांवरचा चष्मा विसरावा तशा.

म्हणजे साहेबांना आता जे दाखवलं ते धादांत खोटं होतं. पोरीनं बटण दाबलं असतं काय, नसतं काय, आणि ती घरी झोपलेली असती काय, या पडद्यावर गाडी सुटणारच होती. आणि याच खोट्याच्या जोरावर दुपारी एका पोरीला पोलिसांत देणार होते.

बाईंनी सोय बंद केली. सकाळ पुन्हा सुरू केली.

या खेपेला पोरीनं सांगितलं तसंच बाईंनी केलं. मागची अर्धी गाडी आली, लगेच बटण दाबलं. पडद्यावर तीनच्या पुढे ‘तयार’चा दिवा लागला. मग परवा पॅनलवाल्यानं केलं तसा नवा नंबर दिला.

दिवा विझला.

बाई पुढे वाकल्या. नवा नंबर म्हणजे यंत्राच्या लेखी नवी गाडी. जुन्या गाडीची तयारी नव्या गाडीला कशी चालेल? जावईबापू सगळं पहिल्यापासून मागत होते. सुटायची वेळ झाली. वेळ टळली. सिग्नल लाल तो लालच. गाडी मख्खासारखी उभी.

बाईंनी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. बटण घाईनं दाबून बघितलं, रेंगाळून दाबून बघितलं. नंबर बदलायच्या आधी दाबलेलं प्रत्येक बटण वाया जात होतं.

पोरगी सांगत होती ते खरं असेल, तर तिच्या बटणानं गाडी हललीच नसती. पण गाडी तर हलली होती. मामा तर गेला होता.

मग कुणाच्या बोटानं?

३

भाची फलाटवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत बसली होती. गणवेशाचं जाकीट घडी करून मांडीवर, जणू कुणी मागितलं की लगेच देता यावं. डोळे कोरडे. रडून झालं होतं की रडायचा हक्क नाही असं वाटत होतं, कोण जाणे.

“घरी का गेली नाहीस?”

“आई दार उघडत नाहीये बाई. आतून म्हणते, तुझं तोंड दाखवू नको. एकुलता एक भाऊ होता तिचा.”

“मला परवाचं सांग. रडगाणं नको, कामाचं सांग.”

पोरीनं मान वर केली. असल्या आवाजात परवापासून कुणी बोललं नव्हतं. सगळे एकतर कुजबुजत होते, नाहीतर तोंड फिरवत होते.

“मागची गाडी लागली. मामा खाली उतरला. मी लगेच बटण दाबलं.”

“तो खाली असताना?”

“सगळेच दाबतात हो बाई. जावईबापू मार्ग लावायला किती वेळ घेतात, माहीत आहे ना? जोडून झाल्यावर दाबलं तर गाडीला उशीर, आणि उशीर झाला की साहेबांच्या केबिनमध्ये आमचीच आरती. म्हणून आधी दाबून ठेवायचं. मामालाही ठाऊक होतं. तोच म्हणायचा, ‘दाब गं, तोवर मी येतोच बाहेर.’” तिनं जाकिटाची घडी मोडून पुन्हा घातली. “तोच म्हणायचा.”

बाईंना तिला एक लगावून द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही.

“किती वेळा दाबलंस?”

“एकदाच.”

“आठव नीट.”

“एकदाच बाई. देवाशप्पथ.”

“आणि तीन नंबरचं बटण कसं आहे?”

पोरीला प्रश्न कळला नाही. “बहिरं आहे. सगळ्यांना माहीत आहे. पहिल्यांदा दाबलं की ऐकतच नाही, परत दाबावं लागतं. किती तक्रारी केल्या, कुणी दुरुस्त...”

ती थांबली.

“नेहमीचं बहिरं बटण,” बाई म्हणाल्या, “परवा पहिल्याच हाकेला कसं काय ऐकतं?”

पोरीच्या कपाळावर आठी पडली. अपघातानंतर पहिल्यांदाच ती अपराधाखेरीज दुसरं काही तरी शोधत होती. “हल्ली ऐकायला लागलं होतं थोडं. मागे तर गंमतच झाली. एक प्रवासीण माझ्याशी कचाकचा भांडत होती, त्या नादात मी बटण दाबायचंच विसरले. तरी गाडी टेचात निघून गेली.”

“कशी काय?”

“पॅनलवाल्यानं सांभाळून घेतलं. त्यांच्याकडे हातानं ‘तयार’ द्यायची किल्ली असते ना! संध्याकाळी जाऊन चहा पाजला मी त्याला. तोही गालातल्या गालात हसत प्यायला.”

बाई ताडकन उठल्या.

४

पॅनलवाला म्हणजे काटकुळ्या अंगाचा, जाड भिंगांचा पोरगा. बाईंचाच जुना विद्यार्थी. बाईंना दारात बघताच उभा राहिला आणि बोलू लागला.

“बाई, चूक माझीच आहे. नंबर बदलला आणि पाय पसरून बसलो. मामा बाहेर आला का, म्हणून फलाटावर फोन करायला हवा होता. जावईबापूंवर सोडून दिलं. लिहून घ्या माझं नाव.”

बाकावर टेकून बसलेले ड्रायव्हरकाकाही खाकरले. गाडी त्यांचीच होती. “त्याचं कशाला, माझं लिहा. मी आरशात मागं बघितलं नाही. हिरवं दिसलं आणि निघालो. एवढी वर्षं गाडी चालवतोय मी, आणि नुसतं हिरवं बघितलं.”

अख्ख्या स्टेशनात गुन्हा कबूल करायला रांग लागली होती. ही माणसं चांगली होती म्हणून हे होत होतं, आणि चांगल्या माणसांच्या रांगेमागं लपायला फार जागा असते.

“कबुल्या नंतर,” बाई पॅनलवाल्याला म्हणाल्या. “आधी सांग, त्या पोरीनं तुला चहा का पाजला होता?”

पॅनलवाल्याचे कान लाल झाले. “कधी?”

“नाटकं नकोत. प्रवासिणीशी भांडण झालं त्या दिवशी.”

“मला काय माहीत बाई! ती आली, म्हणाली ‘थँक्यू हं’, आणि चहा दिला.”

“आणि कशाबद्दल थँक्यू, ते विचारलं नाहीस?”

“मुलगी आपणहून चहा पाजते म्हटल्यावर चौकशी कशाला करायची?” तो खाली बघत पुटपुटला. “मी आपलं हसलो.”

काका एवढ्या दुःखातही फस्सकन हसले आणि लगेच गप्प झाले.

“त्या दिवशी तिच्या वतीनं ‘तयार’ तू दिलंस?”

“छे! ती किल्ली ही बघा. शिशाचं सील आहे तिच्यावर. सील तोडल्याशिवाय किल्ली फिरत नाही, आणि ते कधी तुटलेलंच नाही.”

बाईंनी सील बोटानं चाचपलं. जुनं, घट्ट, वर धूळ बसलेली. परवाही ते फोडलेलं नव्हतं आणि त्या भांडणाच्या दिवशीही नव्हतं. पोरीला वाटत होतं पॅनलवाल्यानं सांभाळलं. पॅनलवाल्याला वाटत होतं पोरीला तो आवडतो. दोघांच्या मधून एक गाडी कुणीही ‘तयार’ न देता निघून गेली होती, आणि दोघांना ते चहाच्या वाफेत दिसलंच नव्हतं.

“काका, हल्ली तीन नंबरवरून गाडी वेळेवर सुटते?”

“हल्ली म्हणजे? घड्याळ लावून घ्यावं! तीन काय, चार काय. पूर्वी नुसता खोळंबा असायचा. साहेबांना त्यावरून शाबासकीही मिळाली म्हणे.” काकांनी मिशीवरून हात फिरवला. “पण मामा गेल्यापासून तीनची गाडी पुन्हा रखडतेय. आज सकाळी तर बटण परत बहिरं. पोरांनी दोनदा दाबलं. मामाच्या जाण्यानं स्टेशनच सुन्न झालंय म्हणा ना.”

बाई काकांकडे बघत राहिल्या. माणसं सुन्न होतात. यंत्रं होत नाहीत. यंत्र परवा वेगळं वागत होतं आणि आज वेगळं वागतंय, म्हणजे मधे त्याला कुणीतरी हात लावला होता. मामाला झाकून ठेवलं होतं, आणि तेवढ्या अवधीत कुणीतरी जाऊन यंत्राला हात लावला होता.

५

यंत्राच्या खोलीत शिरायचा परवाना एकाच माणसाकडे होता. सिग्नलचा मेकॅनिक. बुटका, गोल, खिशात कायम काहीतरी खुळखुळणारं, म्हणून त्याला नटबोल्ट म्हणायचे. बाईंच्या सिम्युलेटरची देखभालही त्याच्याचकडे होती. ती सोय त्यानंच बसवून दिली होती.

बाई दारात पोचल्या तर तो पाठमोरा बसून तारा सोलत होता. वळला, बाईंना बघितलं आणि म्हणाला, “बाई, मी काही केलेलं नाही.”

बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

सकाळपासून भेटलेला प्रत्येक माणूस न विचारता गुन्हा कबूल करत होता. हा पहिलाच, जो न विचारता नाकारत होता.

“मी कुठं काय म्हणाले?” बाई स्टूल ओढून बसल्या. “मी फक्त विचारायला आले, माझ्या खोलीतली सोय तू इथंही बसवली होतीस का?”

नटबोल्टच्या हातातली पक्कड खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि वाजवीपेक्षा जास्त वेळ वाकलेलाच राहिला.

“बाई, मला लहान पोरं आहेत.”

“मामालाही भाची होती.”

“मी नुसता हुकमाचा ताबेदार. कागद नाही, काही नाही, सगळं तोंडी. उद्या मी बोललो तर ते हात वर करतील. मग मी एकटा लटकणार.”

“कोण ते?”

तो नुसती मान हलवत राहिला. बाईंनी जरा दरडावून बघितलं, जरा गोडीनं बघितलं. शिशाच्या सीलसारखा मिटला तो मिटलाच.

पण बाईंना नाव नको होतं. ही सोय बाईंच्या खोलीबाहेर कुणाला माहीत होती? शिकून गेलेल्या पोरांना तर गाड्या वेळेवर कशा सुटतात, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तो पडला होता एकाच माणसाला. पाहुणे आले होते त्या दिवशी त्यानं विचारलं होतं, ‘तुमच्या गाड्या कधीच कशा रखडत नाहीत हो?’ आणि बाईंनी काय केलं होतं? हसून, मिरवून, सगळं गुपित उलगडून सांगितलं होतं. वर म्हणाल्या होत्या, ‘खऱ्या स्टेशनलाही लावून घ्या, साहेब!’

थट्टेत म्हणाल्या होत्या.

त्या दिवशीचं स्वतःचंच हसू बाईंना ऐकू आलं. त्या उठल्या आणि जिन्याकडे वळल्या.

६

दुपारी चौकशीची माणसं सिम्युलेटरच्या खोलीत येऊन बसली. एक मोठे चौकशीसाहेब आणि बरोबर एक चष्मेवाल्या बाई. भाचीला भिंतीशी उभं केलं होतं. पॅनलवाला, काका, नटबोल्ट मागं दाटीवाटीनं.

मास्तरीणबाईंनी दोन्ही खेळ दाखवले. सोय चालू असताना कुणी बटण न दाबता सुटणारी गाडी. सोय बंद असताना आधी बटण दाबूनही जागची न हलणारी गाडी. नंबर बदलला की विझणारा दिवा. बटण बहिरं का वाटायचं, तेही: नंबर बदलायच्या आधीचं दाबणं वाया जायचं म्हणून. मग काकांचं वेळेवर सुटणं, चहाचा घोळ आणि मामा गेल्यापासून पुन्हा सुरू झालेला उशीर.

“म्हणजे बाईंचं म्हणणं असं,” साहेब सावकाश उठले, “की खेळण्यातली सोय मी खऱ्या यंत्रात घातली. बाईंचा जीव आहे विद्यार्थ्यांवर, मी समजू शकतो. पण खेळणं ते खेळणं. चला ना खाली, खरंखुरं यंत्र आहे. तपासून बघा.”

त्यांच्या आवाजात कंप नव्हता.

सगळे पॅनलच्या खोलीत गेले. तीन नंबरवर रिकामी गाडी आणून लावली. सिग्नल हिरवा झाला तरी हलायचं नाही, असं काकांनी त्या गाडीच्या ड्रायव्हरला तीन-तीनदा बजावलं. फलाटावर चिटपाखरू नाही, बटणापाशी कुणी नाही. सुटायची वेळ आली.

सिग्नल लाल.

वेळ टळली. सिग्नल लाल. कुणी श्वास सोडला, कुणी खाकरलं. साहेबांनी हात पसरले. “झालं समाधान?”

भिंतीपाशी भाचीनं डोळे मिटून घेतले. क्षणभर तिच्या तोंडावर आशा आली होती, ती गेली. आधी काही नव्हतं त्यापेक्षा हे वाईट होतं.

चौकशीसाहेब उठायला लागले.

“थांबा,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आता चार.”

साहेबांचे हात पसरलेले होते ते तसेच राहिले. “चारचा इथं काय संबंध? चारवर गाड्या जोडतच नाहीत.”

“म्हणूनच. माणूस मेला तीनवर. ज्यानं घाईघाईत येऊन सोय काढली, त्याला तीनच आठवणार. पण काका म्हणतात शाबासकी दोन्ही फलाटांची होती. बघूया की! तुमचं काय जातंय?”

“हा वेळेचा अपव्यय आहे,” साहेब म्हणाले आणि नटबोल्टकडे बघितलं. ते बघणं सगळ्यांना दिसलं.

चारवर रिकामी गाडी लावली. फलाट मोकळा. बटण मोकळं. किल्लीवरचं सील चौकशीसाहेबांनी स्वतः धरून ठेवलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

वेळ झाली.

पॅनलवर चारपासून बाहेरच्या रुळापर्यंत एकामागून एक दिवे उजळत गेले. जावईबापूंनी मार्ग लावला. सिग्नल हिरवा झाला.

गाडी तयार आहे असं या पृथ्वीतलावर कुणीही म्हटलेलं नव्हतं.

“मला सांगितलं होतं,” नटबोल्ट फुटला. कुणी विचारायच्या आत, भोकाड पसरल्यासारखा. “म्हणाले, जोडणीपायी तीनची गाडी रखडते, तिच्यामागं चारचीही, वर दाखवायला वाईट दिसतं. बाईंकडची सोय लाव तीन-चारला. मी म्हणालो, साहेब, फलाटावर माणसं असतात. तर म्हणाले, माणसांना वेळेची सवय लागेल. आणि परवा... परवा मामाला बाहेर काढत होते तेव्हा फोन आला, तीनची सोय काढ. चारचं माझ्या डोक्यातच आलं नाही.”

साहेबांनी मास्तरीणबाईंकडे बोट केलं. “सोय यांची आहे. यांनीच मला दाखवली. यांनीच म्हटलं होतं, लावून घ्या.”

सगळ्यांच्या नजरा बाईंकडे वळल्या.

“म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या. “थट्टेत म्हटलं होतं, पण म्हटलं होतं. तेही लिहून घ्या. माझ्या खोलीत ती सोय चालते, कारण तिथं डब्यांच्या मध्ये कुणी वाकलेलं नसतं. तुम्ही ती लावलीत तिथं मामा होता. तुम्हाला तो दररोज दिसत होता, साहेब. जाता-येता सलाम करायचा तो तुम्हाला.”

चष्मेवाल्या बाई लिहीत होत्या. साहेबांनी खुर्ची शोधली. ती कुणी पुढे केली नाही.

७

भाची सिम्युलेटरच्या खोलीत आली तेव्हा उन्हं कलली होती. मास्तरीणबाई पडदा पुसत बसल्या होत्या. पुसायचं काही नव्हतं.

“मोठे साहेब म्हणाले, तुझ्यावर आता काही नाही,” पोरगी म्हणाली. “पॅनलवाला रडला. काका आईकडे गेलेत, तिला समजावून सांगायला.”

“मग? सुटलीस की.”

ती दाराशीच उभी. “बाई, मी दाबलं होतं.”

“तुझ्या दाबण्यानं काही झालं नाही. स्वतः बघितलंस ना?”

“नंबर बदलला म्हणून झालं नाही. बदलला नसता तर? मामा खालीच होता. आणि मी दाबलं होतं.” ती आत आली. “साहेबांनी मारलं ते मला पटलं. पण मी मारलं नाही, हे पटत नाही.”

बाईंना खोटं बोलता आलं असतं. दिवसभरात पुरेसं खोटं झालं होतं.

“नाहीच पटणार,” त्या म्हणाल्या. “मलाही पटत नाहीये. बस इथं.”

त्यांनी सोय बंद केली आणि परवाची सकाळ पुन्हा लावली. तीनवर अर्धी गाडी, मागून दुसरी अर्धी, नवा नंबर. मग ‘तयार’चं बटण पोरीपुढे सरकवलं. पोरगी पडद्याकडे बघत राहिली. एक जाड रेघ, तिच्यावर एक चौकोन, पुढे लाल ठिपका.

“यात मामा कुठंय?”

“नाही दिसत. यंत्राला माणूस दिसतच नाही.”

“मग तो बाहेर आला, हे त्याला कळतं कसं?”

“तू बटण दाबलंस की कळतं. दुसऱ्या कशानंही नाही.”

सुटायची वेळ झाली. कोपऱ्यातल्या घड्याळाचे आकडे लाल होऊन लुकलुकू लागले. उशीर, उशीर, उशीर. भाचीनं हात मांडीवर ठेवले, एकावर एक.

“बाई, जोडायला एवढा वेळ लागतोच,” ती म्हणाली. “पाइपचं तोंड घट्ट असतं. मामाचा गुडघाही दुखायचा हल्ली. वाकायला त्रास व्हायचा.”

“लागू दे,” बाई म्हणाल्या.

गाडी उभी होती. मागं खोळंबलेल्या गाड्यांची रांग पडद्याच्या टोकापर्यंत गेली. दोघींपैकी कुणीही बटणाला हात लावला नाही.